चार घंट्या

माझं आतडं नोकरीत माझ्यापेक्षा सीनियर हाय. गाडी कुठं थांबवायची हे ते ठरवतं, मी नुसती दोरी ओढते.

मी मनिषा. नांदेड-लातूर गाडीवर कंडक्टर हाय, नऊ वर्षं झाली. त्यातली पाच वर्षं मोठ्या आतड्याला जखमा हायत. डॉक्टरनं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "म्हंजे हगवणच का?" डॉक्टर म्हणले, तसंच समजा, पण जन्मभराची. गोळ्या चालू हायत. बरे दिवस बी असतात, महिना महिना काही होत न्हाई. पण बिघडलं की तीन मिनिटांत संडास पाहिजे. चौथ्या मिनिटाचं मी बोलत न्हाई.

डेपोत हे कोणाला सांगितलं न्हाई. सांगितलं की "हलकं काम" म्हणून ऑफिसात बसवतात. तिथली बाई मी पाहिली हाय, दिवसभर शिक्के मारते अन् घड्याळाकडं बघते. मला गाडीच पाहिजे. साठ माणसांत उभं राहून सुट्ट्यावरून भांडायचं, म्हाताऱ्यांना जागा करून द्यायची, दारात लटकणाऱ्यांना झापायचं, ह्याच्यात माझा जीव रमतो.

माहीत होतं ते फक्त ड्रायव्हर शेषेराव मामांना. एक घंटी म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला, हे सगळ्या जगाला ठाऊक. चार घंट्या आमच्या दोघांच्या. चार वाजल्या की मामा पुढचा बरा धाबा बघून गाडी बाजूला घेतात अन् म्हणतात, "पाच मिनिटं चहा." मामांना चहा चालत न्हाई, लई ॲसिडिटी हाय. तरी माझ्यापायी चार वर्षं हा माणूस भरलेला कप हातात धरून उभा राहिला. नवे प्रवासी त्यांना चहाबाज म्हणून शिव्या द्यायचे अन् मी तिथंच उभी राहून ऐकायची. लाज वाटायची, पण गप बसायची.

एका मंगळवारी लोह्याच्या पुढं मी चार वाजवल्या. तिकिटाची मशीन अन् पैशाची बॅग गळ्यात घालूनच आत गेले, ती सोडता येत न्हाई. बाहेर आले तर मामांचा कप टेबलावर भरलेला, अन् गाडी गायब.

झालं असं की मागच्या सीटवर, दोरीखाली, नागुबाई मावशी बसलेली. दर मंगळवारी बांगड्यांची टोपली घेऊन लातूरला जाते. डोळ्यानं जरा अधू हाय. धाब्यावर वनखात्याची एक बाई खाकीत गाडीत चढली. मावशीला खाकी दिसली, तिला वाटलं मनिषाच आली. तिनं मदत म्हणून दोन घंट्या दिल्या. मामा कप ठेवून स्टेअरिंगवर जाऊन बसलेले, अन् दोन घंट्या ऐकल्यावर ते मागं बघत न्हाईत. तीस वर्षांत कधी बघितलं न्हाई.

सोयाबीनच्या टेम्पोत बसून मी अहमदपूर गाठलं. तिथं तपासणीवाले गाडीत चढून बसलेले. बिनकंडक्टरची गाडी बघून त्यांची सणासुदीसारखी धांदल चाललेली. मामा खाली मान घालून म्हणत होते, "चूक माझी. मला चहाची तलफ लई."

दुसऱ्या दिवशी डेपो मॅनेजर स्वामी साहेबांच्या केबिनीत आम्ही दोघं उभे. साहेब मामांच्या नावानं मेमो लिहून राहिले. मामांच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेले. मामा मुकाट्यानं सही करायला पेन शोधत होते. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"सर, मामा चहा पीत न्हाईत," मी म्हणलं. "गाडी माझ्या संडासासाठी थांबते. पाच वर्षांचा आजार हाय, कागद दाखवते."

साहेबांनी कागद बघितले, चष्मा काढला, परत घातला.

"मग ऑफिसात बसा ना. संडास शेजारीच हाय."

"संडासाशेजारी बसायला मी भरतीची परीक्षा दिली न्हाई, सर."

साहेब माणूस वाईट न्हाई. त्यांनी मेमो फाडला. म्हणले, "महिनाभर बघतो. प्रवाशाची अडचण असली तर गाडी थांबवता येते. तुमच्यासाठी परत थांबली की मी तुम्हाला टेबलावर बसवणार."

बारा दिवस नीट गेले. सकाळी पोटात अन्नाचा कण घालायचा न्हाई, घोटभर पाणी प्यायचं, अशी मी ड्यूटी केली. तेराव्या दिवशी, मंगळवारी, लोह्याच्या पुढं पोटात पीळ पडला. दोरी हाताशी होती. मी ती ओढली न्हाई. दांडा धरून उभी राहिले. घाम सुटला, एकाला पार उलट्या दिशेच्या उमरीचं तिकीट दिलं, गाडी लातूरला चाललेली. मनात म्हणलं, मेले तरी टेबलावर बसणार न्हाई.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. एक, दोन, तीन, चार.

"कोणी वाजवली?" मी विचारलं.

"म्या," नागुबाई मावशी म्हणली. "तुजं कण्हणं ऐकू आलं. चारच असतात ना? चार वर्षं ऐकून राहिले."

शेजारी रोज अपडाऊन करणारे धम्मानंद सर पेपरातून डोकं काढून म्हणले, "ताई, मामांच्या कपातला चहा कधी कमी होत न्हाई. आम्हाला दिसतं की."

"मावशी, गाडी थांबवता येत न्हाई आता. साहेबांनी—"

"तुज्यासाठी कोण थांबवतंय?" मावशीनं टोपली सीटवर ठेवली अन् उठली. "मला लागलीय. लिही, नागुबाईला लागली."

"मला बी," सर म्हणले अन् पेपराची घडी घातली.

"आम्हाला बी," पुढून कोणीतरी म्हणलं. गाडी थांबेपर्यंत अठरा माणसं उठून उभी राहिलेली. वाट मात्र कोणी अडवली न्हाई, सगळे सीटला चिकटून उभे, मला आधी उतरू द्यायला.

मला रडू आलं. पण तिसरं मिनिट सुरू झालेलं. मी पळाले.