मांडीवरचं सूप

दिपालीनं खांद्यावरची पहार भुईवर उतरवली आणि ती गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकली. पहारीच्या दोन्ही टोकांना रंगाचे रिकामे डबे बसवून त्यांत गच्च सिमेंट भरलं होतं. ते वजन खांद्यावर घेऊन बैठकांचा दुसरा सेट आत्ताच झाला होता. मांड्या थरथरत होत्या. श्वास पाखरासारखा वरच्या वर उडत होता.

"दिपाले!" ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला. व्यंकटरावांची बाज अशी मांडलेली, की चूल, आड, गोठा, सगळं तिथून दिसावं. "बसायलीस व्हय? म्हशीला कडबा कोण टाकावं, मी?"

"टाकायले, मामा."

ती उठली. कडबा टाकला, शेण ओढलं, घागर आत नेली. परत येऊन पहार खांद्यावर घेतली आणि खाली बसली, तर गुडघे उघडेनात. तिनं पहार मागं सोडून दिली. म्हैस दचकून दाव्याला हिसडली.

पोलीस भरतीला व्यंकटरावांनी होकार दिला होता, पण एका बोलीवर. "यंदा एकदाच. काम सांभाळून कर. रिकामी बसलेली दिसलीस की डबे उकिरड्यावर." नवरा रामकिशन हंगामासाठी दूर साखर कारखान्यावर होता. फोनवर तो म्हणायचा, "बाबाचं मन मोडू नको. आन नेटानं कर." दोन्ही एकाच दमात.

मग दिपालीनं बसणंच सोडलं. एक सेट झाला की अंगण झाडायचं, दुसरा झाला की पीठ मळायचं. राबणाऱ्याचं अंग घट्ट होतं, हे ती माहेरापासून ऐकत आली होती. मग जास्त राबलं की ताकद जास्त, असा तिचा साधा हिशेब.

रविवारी परभणीच्या मैदानावर तिनं फेकलेला गोळा मागच्या खुणेच्याही अलीकडं पडला. सराव घेणाऱ्या भुजंग सरांनी तो पायानं थांबवला.

"दोन सेटच्या मधी काय करतीस?"

"काम."

"कसलं?"

"घरचं. झाडते, पाणी भरते."

सर हसले. तिचा चेहरा पाहून थांबले.

"वजन कमी न्हाई पडायलं तुला, बाई. बसणं कमी पडायलंय. आड उपसला की पाणी झिरपायला येळ लागतो का न्हाई?"

"लागतो."

"मंग? तीन मिनिटं बसायचं. हात न्हाई, पाय न्हाई हलवायचा. न्हाईतर तिसरा सेट उठत नसतो. पुढच्या आठवड्यात मैदानी चाचणी हाय तुझी."

एसटीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. पेडगाव येईपर्यंत ती बसून होती आणि कुणी काही म्हटलं नाही. उतरताना पाय जड झाले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तिनं दुसरा सेट संपवला आणि गोठ्याची मेढ धरून उभी राहिली. बसावं तर ओसरीवरून दिसणार. उभं राहावं तर पाय भरणार. बाज करकरली. तिचा हात आपसूक खराट्याकडं गेला.

तेवढ्यात कडूबाई घरातून आली. सासूच्या हातात ज्वारीचं सूप होतं. तिनं सुनेच्या हातातला खराटा काढून घेतला.

"बस."

"आत्याबाई, मामा बघायलेत—"

"बघू दे. सूप मांडीवर असलेल्या बाईला कुणी काय म्हणत न्हाई. बस गप."

दिपाली बसली. सूप मांडीवर आलं. बोटं दाण्यांत फिरू लागली. व्यंकटरावांनी मान उचलून पाहिलं, पुन्हा उशीला टेकवली.

कडूबाई शेजारी बसली आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणू लागली.

*हात भरले बाई माझे, जात्या सांगू नको कुणा*
*ओवी लांबविते थोडी, दम येऊ दे रे पुन्हा*

दिपालीचा श्वास हळूहळू खाली उतरला, पाखरू फांदीवर यावं तसा. मांड्यांतली थरथर निवली. तिनं सूप बाजूला ठेवलं, पहार खांद्यावर घेतली. बसली, उठली. बसली, उठली. गुडघे तेल दिलेल्या कवाडासारखे उघडत गेले. तिसरा सेट पुरा झाला.

परत टेकून तिनं सूप ओढून घेतलं. मघापासून ती निवडत होती, पण एकही खडा हाती लागला नव्हता. दाणे गुळगुळीत होते, बोटांनी घासून घासून चकाकल्यासारखे.

"आत्याबाई, ह्याच्यात खडाच न्हाई."

"कसा असंल? रोज हेच निवडते मी."

दिपालीनं सासूकडं पाहिलं. कडूबाई ओसरीकडं पाहत होती.

"आमच्या आत्याबाईनं दिल्तं मला हे सूप," ती म्हणाली. "पोलीस झालीस की परत दे."

"आन न्हाई झाले तर?"

कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं. उठताना तिनं सुनेच्याच खांद्यावर भार दिला.

"मंग ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

ती आत गेली. दिपालीचे पाय लगेच उठायला निघाले. चौथा सेट राहिला होता, आणि पहार समोरच पडली होती. पण तीन मिनिटं अजून व्हायची होती. तिनं पाय आवरले, आणि स्वच्छ ज्वारीतला खडा शोधत बसून राहिली.