माझी मोटर आणि ती मांजर

मी कूलर बोलतोय. हो, हाच, व्हरांड्यातला, ज्याच्यावर तुम्ही आत्ता हेल्मेट ठेवलंत. ठेवा, ठेवा! माणसांची जातच तशी. चार महिने माझ्यापुढे तोंड करून झोपायचं आणि आठ महिने माझ्यावर जुने पेपर, औषधांच्या पट्ट्या, तुटका आरसा, काय वाट्टेल ते रचायचं.

जाड पत्र्याचा आहे मी. वर्ध्याच्या एका कारखान्यात तयार झालो आणि अठरा वर्षांपूर्वी जवळच्याच पिपरी मेघेत मीराबाईंकडे आलो. मीराबाई तेव्हा अंगणवाडीत सेविका होत्या. आता रिटायर होऊन एकट्याच राहतात. दर मार्चमध्ये त्या बटण दाबायच्या, मी नुसताच गुरगुरायचो, मग झाडूच्या दांड्यानं पात्याला ढकलायच्या आणि मी सुरू व्हायचो. अठरा वर्षांत एकदाही चुकलो नाही. सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल.

गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी त्यांची मुलगी मोनाली एक राखाडी मांजर घेऊन आली. मोनाली शहरातल्या एका प्राण्यांच्या आश्रमात सेवा करते, म्हणजे निम्मा वेळ फोटो काढते. कोणीतरी त्या मांजरीला सिमेंटच्या पोत्यात बांधून बाजारात टाकलं होतं. माणूस दिसला की ती बया फिस्कारायची. आणि मोनालीनं नाव काय ठेवलं? स्वीटी!

"आई, दोनच महिने ठेव इले. माणसाळली तर कोनी नेईल. नाई तर एप्रिलच्या शेवटी परत पिंजऱ्यात. मंग तिथंच जिंदगी जाईन तिची."

पिशवीची चेन उघडली आणि बया थेट माझ्या पोटात! मागची खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी काढून ठेवली होती ना, तिथून शिरली ती खालच्या कोरड्या टाकीत जाऊन बसली. हवा देणारा मी, झालो मांजरीचं बीळ. वैताग नुसता.

मोनाली दर रविवारी यायची. पुच् पुच् करायची, दोरीला पीस बांधून नाचवायची, टॉर्च मारायची. मांजर आणखी आक्रसायची. इतकी शिकलेली पोरगी, पण एवढं कळेना की तोंडावर उजेड मारल्यावर कोण हसत बाहेर येईल?

मीराबाईंची तऱ्हा वेगळीच. वाटीत दूधपोळी ठेवायच्या आणि माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायच्या. मांजरीकडे बघायच्या नाहीत.

"काऊन अशी बसतं?" मोनालीनं विचारलं.

"पयल्या दिवशी रडनाऱ्या लेकराकडे पाह्यत नसते," मीराबाई म्हणाल्या. "आपलं काम करत राह्यचं. येते ते."

मांजर आली नाही. मीराबाई झोपल्या की खाऊन जायची, बस. मी मनात म्हटलं, निवडा बाई, जिल्हाभराचे तांदूळ निवडा.

एप्रिल लागला आणि ऊन चव्वेचाळीसवर गेलं. घरोघरी कूलर सुरू झाले. मी मात्र गप्प, कारण पोटात महाराणी. मीराबाई ओला टॉवेल मानेवर टाकून बसायच्या. त्यात त्यांना बीपी.

शेजारचे चंद्रभान दारातून म्हणाले, "जयभीम मावशी. एका मांजरीपायी मरता का हो?"

"तुमच्या घरी हवा आहे ना? मंग खा ना हवा!"

मला मात्र तो माणूस पहिल्यांदाच शहाणा वाटला. अहो, मी कशासाठी जन्मलो? ही बाई माझ्यासमोर घामानं भिजते आणि मी बघत बसतो! लाज वाटत होती मला. आणि त्या मांजरीचा राग राग येत होता.

एप्रिलचा शेवटचा रविवार. भर दुपारी मोनाली आली. आईचा लालबुंद चेहरा पाहून भडकली. मीराबाई आंघोळीला गेल्या तसा तिनं प्लग लावला. "सुरू केला का निघते बाहेर. उद्या नेऊन देतो तिले," असं पुटपुटत बटण दाबलं.

मी गुरगुरलो. टाकीतली मांजर ताडकन उभी राहिली. तिचे कान माझ्या पात्यापासून चार बोटांवर. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिची छाती माझ्या पत्र्याला टेकली आणि केवढी धडधडत होती म्हणून सांगू!

मोनालीनं झाडूचा दांडा जाळीतून घालून पात्याला ढकललं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जोर लावून.

मी हललो नाही.

"मोटर जळली वाटते," मोनाली म्हणाली.

मीराबाई ओल्या केसांनी धावत आल्या, प्लग उपटला. "अंदर जीव आहे ना वो! दिसत नाई तुले?" लेकीवर इतक्या जोरात ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग सूप घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मोनाली कोपऱ्यात जाऊन बसली.

तास गेला. दीड तास गेला. मग मांजर बाहेर आली, जरा थांबली, आणि जाऊन मीराबाईंच्या पाठीला टेकून बसली.

मोनालीनं फोटोसाठी फोन उचलला. मीराबाई मान न वळवता म्हणाल्या, "खाली ठेव तो." सुपातले तांदूळ भिजत होते. घामच असेल.

"आई, आता घेईन तिले कोनीही."

"मी आहे ना कोनीही. नाई देत मी."

तर आता घरात प्लास्टिकचा नवा कूलर आहे. स्वीटीबाई त्याच्यासमोर पाय ताणून लोळतात, कृतघ्न कुठली! मी इथे व्हरांड्यात. परवा भंगारवाला आला. मीराबाईंनी त्याला हाकललं, कारण बाहेर फटाके वाजले की बया अजूनही माझ्याच पोटात पळत येते.

तुम्ही हेल्मेट ठेवा, पेपर ठेवा, मला भंगार म्हणा. फक्त माझी मोटर कोणाला तपासू देऊ नका. ती जळलेली नाही.