खांबावर न चढलेले विमान

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ विमान आहे. वय विचारू नका. हँगरमध्ये सगळे मला ‘थोरली’ म्हणतात, त्यावरून काय ते समजा. आणि थोरली म्हणतात म्हणून मीही बाईमाणसासारखीच बोलते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. छतातल्या काचांमधून उजेड पडायचा आणि दिवसभर पत्र्यावर रिवेट ठोकल्याचा आवाज चालायचा. माझे अंग धातूचे, पण शेपटीचे सुकाणू मात्र कापडाचे. ते हलके असावे लागते. म्हणून सांगाड्यावर जाड कापड ताणून शिवायचे आणि त्यावर उग्र वासाचे रोगण चढवायचे. शिवणाऱ्या सगळ्या मुलीच होत्या. माझे सुकाणू शिवले ते सतरा वर्षांच्या एका मुलीने. गाठ मारताना तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यात यायची आणि शेजारणी तिला हसायच्या.

मग मी लढाईवर गेले. त्याबद्दल बढाई मारणार नाही. माझ्याबरोबर उडालेली सगळी परत आली नाहीत. त्यांतले एक तर शत्रूमुळे नव्हे, आपल्याच माणसाच्या विसराळूपणामुळे गेले. त्याच्या पोटात कुणा मेकॅनिकची लोखंडी पकड राहिली होती. वळताना ती घसरली आणि सुकाणूच्या तारेत अडकली. ते मी शेजारून पाहिले आहे.

शांतता झाली आणि माझी गरज संपली. एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे मी कितीतरी वर्षे उभी होते. वैमानिकाच्या खुर्चीवर एका कोंबडीने तीनदा पिल्ले काढली. मला राग आला नाही. गोळ्या झाडण्यापेक्षा ते काम बरेच म्हणायचे. पण उडायची आठवण काही जात नव्हती. वारा सुटला की पंख आपोआप थरथरायचे.

तिथून मला सोडवले ते मुकादमने. हे तिचे टोपणनाव. ती विमानांची मेकॅनिक आहे, आणि जिने माझे सुकाणू शिवले त्या मुलीची भाची. आत्याच्या तोंडून माझ्या गोष्टी ऐकतच ती लहानाची मोठी झाली. एका छोट्या संग्रहालयाने मला विकत घेतले आणि मुकादमने अकरा वर्षे माझा एकेक सांधा खोलून पुन्हा जोडला; डोळे साथ देत होते तेव्हा आत्याने सुकाणूचे कापडही नव्याने शिवले. दोनदा उड्डाणाचा दिवस ठरला आणि दोन्हीदा इंजिनाने दगा दिला. तेव्हा संग्रहालयाचे अध्यक्ष कंटाळले.

“हे शेवटचं,” ते म्हणाले. “या रविवारी उडाली तर उडाली. नाहीतर इंजिन काढून घेऊ आणि हिला चौकात खांबावर बसवू. खड्डा खणायला सांगितलाय मी.”

खांबावरचे विमान पाहिले आहे कधी? पोटात लोखंडी सळई, डोक्यावर कबुतरे. मी तर गोठाच पत्करला असता.

रविवारी मैदानावर मुंगीला शिरायलाही जागा नव्हती. आत्याबाईंनाही आणले होते. आता त्या नव्वदीच्या घरात, डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळतो, पण कान शाबूत. चाकाच्या खुर्चीत मांडीवर शाल घेऊन त्या माझ्या शेपटीजवळ बसल्या होत्या. चार वाजता धावपट्टी रोजच्या विमानांसाठी मोकळी करायची होती. साडेतीनला वैमानिक आत बसला.

मुकादमची एक रीत आहे. हत्यारांचा तिचा फळा आहे आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली आहे. उड्डाणाआधी सगळी हत्यारे आपापल्या आकृतीवर टांगलेली दिसली पाहिजेत. त्या दिवशी फळ्याकडे पाहून ती जागीच थबकली. अर्ध्या इंची पान्याची आकृती रिकामी होती.

“उतर खाली,” ती वैमानिकाला म्हणाली. तो उतरला.

अध्यक्ष धावत आले. “आता काय झालं?”

“एक पाना कमी आहे. सकाळी हिचं पोट उघडलं होतं. आत राहिला असेल.”

“एका पान्यासाठी? अहो, एवढी माणसं ताटकळलीयत. पंचवीस मिनिटं उरलीत.”

“मला घड्याळ कळतं, साहेब. पाना सापडल्याशिवाय ही उडणार नाही.”

“मग खांबावर जाईल.”

“जाईल,” मुकादम म्हणाली. “पण मोडणार नाही.”

मित्रांनो, खरे सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. एवढीशी वस्तू, आणि माझे सगळे आकाश तिच्यापायी अडले. पण मग ती पकड आठवली आणि राग ओसरला.

तिने माझ्या पोटाची झाकणे पुन्हा उघडली. टॉर्च घेऊन ती खांद्यापर्यंत आत शिरली. दहा मिनिटे गेली.

“काय शोधतेयस गं?” आत्याबाईंनी विचारले.

“आत्या, आत्ता नको.”

“अगं, पण हरवलंय काय ते तरी सांगशील?”

“पाना हरवलाय. अर्ध्या इंची.”

“मग मला सकाळपासून हे काय टोचतंय?” असे म्हणून त्यांनी मांडीखाली हात घातला आणि शालीच्या घडीतून पाना काढला.

सकाळी त्यांच्या खुर्चीची पाय ठेवायची पट्टी डुगडुगत होती. मुकादमने ती आवळली, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि पाना आत्याच्या मांडीवरच्या शालीत ठेवून ती गेली; तिथून तो खाली घसरला. अकरा वर्षांत माझ्या बाबतीत तिची चूक झाली नव्हती. झाली ती आत्याच्या खुर्चीपाशी.

तिला कानकोंडे झाले. “सकाळपासून टोचतंय आणि बोलली नाहीस?”

“मला वाटलं, खुर्चीच तशी आहे. म्हाताऱ्या माणसाने किती तक्रारी कराव्यात?” मग आत्याबाई अध्यक्षांच्या आवाजाच्या दिशेने वळल्या. “आणि अहो, तिला बोलू नका. आमच्या वेळी एक सुई हरवली तर कारखान्यातल्या आमच्यावरच्या बाई अख्खं सुकाणू उसवायला लावायच्या. दोनदा उसवलंय मी.”

मुकादमने झाकणे लावली. फळा पुन्हा एकदा पाहिला. चारला आठ मिनिटे कमी होती.

इंजिन आधी खोकले. निळा धूर निघाला. मग सगळे बारा सिलिंडर एका सुरात गरजू लागले. गवत आडवे झाले, टोप्या उडाल्या. धावपट्टीवर शेपटी उचलली गेली, चाकांचा खडखडाट वाढत गेला आणि एकाएकी थांबला. जमीन सुटली होती.

मी वळून मैदानावरून अगदी कमी उंचीने गेले. बंदुका कधीच काढून टाकल्या आहेत. त्यांच्या रिकाम्या भोकांत वारा शिरला की शीळ वाजते. खाली माणसे तोंड उघडून वर पाहत होती. माझा आवाज कानांना नव्हे, बरगड्यांना ऐकू येतो म्हणतात. बापांनी पोरांना खांद्यावर घेतले होते आणि पोरांपेक्षा बापच जास्त हसत होते. अध्यक्ष हातातला भाषणाचा कागद विसरून टाळ्या वाजवत होते. आत्याबाई तेवढ्या वर पाहत नव्हत्या. मान खाली, डोळे मिटलेले, आणि मी वळेन तशी त्यांची हनुवटी वळत होती.

मी उतरल्यावर त्यांनी माझे सुकाणू चाचपले. एका शिवणीवर बोट थांबले.

“हे कापड अजून दोन वर्षं टिकेल,” त्या म्हणाल्या. “पुढे कोण शिवणार आहे?”

मुकादमने अध्यक्षांकडे पाहिले, अध्यक्षांनी मुकादमकडे.

“मग पाठवा कुणाला तरी. मी आहे तोवर शिकवते.”

खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात आता एक झाड लावले आहे. आणि दर शनिवारी हँगरमध्ये सात जण आत्याबाईंभोवती बसतात. त्यांत दोन शाळकरी मुली आहेत, एक निवृत्त टपालवाला आहे आणि अध्यक्षही आहेत. अध्यक्षांची गाठ दर वेळी सुटते आणि ते दर वेळी बोलणी खातात.

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल-पाणी करा, तिच्यावरची धूळ झटका, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक करा. ती वस्तू ज्यांच्या हातांना ठाऊक आहे, त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांना दिसत नसेल, तर सुईत दोरा तुम्ही ओवून द्या.