सांध्यातले डांबर

"गुणाजी, मेल्या, त्या भोंग्याचो नाद सोड आणि तोंडान बोंब मार! तुझो आवाज काय कमी आसा?"

शेजारचा गणपत माडाखाली जाळे दुरुस्त करत बसला होता आणि सकाळपासून फुकटचे सल्ले देत होता. गुणाजीने मान वर केली नाही. हॉर्न वाजल्याशिवाय मोटारसायकल रस्त्यावर काढायची नाही, असे त्याने ठरवले होते, आणि गुणाजीने एकदा ठरवले की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसे.

गाडी युद्धातली, लिलावात निघालेली. मागे करंड्या बांधून तो मिठबावची मासळी वरच्या वाड्यांत विकायला नेई. तिकडच्या वाटा अरुंद, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच दगडी गडगे. वळणापलीकडे बाई आहे की म्हैस, हे गाठ पडल्यावरच कळायचे. नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेल्या होत्या. आता गाडी काढली नाही, तर पुन्हा कधी काढवणार नाही, अशी भीती त्याला वाटत होती. आषाढात त्याची बायको हिरा तापाने गेली, तेव्हापासून त्याने गाडीला हात लावला नव्हता.

बॅटरी तो देवगडहून भरून घेऊन आला होता. हॉर्न खोलून त्याने आतले पॉइंट घासले आणि थेट बॅटरीला तारा जोडल्या. हॉर्न असा केकाटला की गणपतच्या हातातली सुई पडली. म्हणजे हॉर्न धडधाकट होता. मग बटणाची तार बदलली, तरी बटण मुकेच. शेवटी तारेचा एक तुकडा घेऊन त्याने बटण हँडलला आवळणाऱ्या लोखंडी पट्टीपासून इंजिनापर्यंत धरला आणि बटण दाबले. हॉर्न वाजला.

वीज बटणापर्यंत येत होती, पण हँडलातून परत जात नव्हती. त्याने पट्टीचा स्क्रू सैल केला. खाली डांबर होते.

"ह्यां तर होडयेचा डांबर!" गणपत जवळ येऊन म्हणाला. "गाडयेक कोणी लावल्यान?"

दुसरे कोण लावणार? पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांना डांबर फासायचे, तर आधी सांधे भरायचे, ही हिराच्या माहेरची रीत. गुणाजी बहिणीकडे गेला होता तेव्हा हिराने गाडीलाही तसेच केले. तो परत आल्यावर पोट धरून हसला होता. "गो, ही गाडी आसा, होडी न्हय!" त्यावर ती म्हणाली होती, "खारो वारो दोघांकय सारखोच खाता." बाईने पट्टी सैल करून आतसुद्धा बोट फिरवले होते. त्या बोटाचा ठसा डांबरात वाळून बसला होता.

"खरवडून काढ, झाला," गणपत म्हणाला.

"काढूचंय नाय."

गुणाजीने ठसा तसाच ठेवून पट्टी बसवली आणि बटणापासून बॅटरीपर्यंत वेगळी तार बांधली. हॉर्न वाजला. गणपतने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी बांगड्यांच्या करंड्या बांधून तो निघाला. पहिल्या तीन-चार वळणांवर हॉर्न छान वाजला. पुढे रस्ता फार खडबडीत होता. चिंचेच्या वळणावर त्याने बटण दाबले तर काहीच नाही, आणि समोर वरच्या वाडीतली नेहमीची गिऱ्हाईक काशीबाई, डोक्यावर शेणाची पाटी. गाडी गडग्याला घासली. पाटी गेली, काशीबाई खाली बसली, तिचे कोपर सोलवटले.

"भोंगो खंय गेलो तुझो?" ती ओरडली. "माका मारूक निघालस काय?"

बांधलेली तार सुटून लोंबत होती. गुणाजीने काशीबाईला हात देऊन उठवले, तिचे कोपर पुसले. मग तिथेच बसून पट्टी सोडली. ठशाकडे त्याने फार वेळ पाहिले नाही. फार पाहिले असते तर जमले नसते. पेट्रोलात फडके भिजवून आधी डांबर मऊ केले, मग सुरीने खरवडले, आतले लोखंड पांढरे दिसेपर्यंत. हिराने मन लावून केलेले काम सहजासहजी निघत नव्हते. त्याने दात आवळून ते काढले, पट्टी घट्ट केली आणि बटण दाबले. हॉर्न खणखणीत वाजला.

"आता झ्याक," काशीबाई म्हणाली. राग विसरून ती करंडीपाशी आली होती. "ह्यां काय भरलला मधी?"

"डांबर. हिरान लावल्यान. सांध्यात पाणी शिरात म्हणान."

"खुळी काय ती! तिका सांग—"

"हिरा गेली, काशीबाय. आषाढात."

हे त्याने अजून कोणाला स्वतःच्या तोंडाने सांगितले नव्हते. गावात सांगायची वेळच आली नव्हती, सगळे तेव्हा त्याच्या घरीच होते. काशीबाईने पदराने डोळे टिपले. गुणाजी बांगडे काढून तिच्या ओंजळीत ठेवू लागला, तेव्हा तिला त्याची बोटे दिसली, नखांपर्यंत काळी.

"खोबरेल हाडतंय घरातसून," ती हळूच म्हणाली. "पुसून टाक."

"नको," गुणाजी म्हणाला. "रवांदे. जायत हळूहळू."