बाजेखालचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. बाभळीच्या पायांची, अंबाडीच्या दोरीने विणलेली. साखरा गावच्या सुताराने मला घडवलं, तेव्हा या घरच्या रुक्माबाई नव्या नवरी होत्या. त्यांची तिन्ही बाळंतपणं माझ्यावर झाली. "बाज असावी तर अशी, पाठीला रुतत न्हाई," असं आयाबाया म्हणायच्या आणि मी फुगून जायची. आज मात्र बढाई सुचत नाही. मला भीती वाटते आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांची लेक दिपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे शेक द्यायला माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. पण दिपा झोपतच नव्हती. सारखी या कुशीवरून त्या कुशीवर. बाजेला ते कळणारच, घरच्यांना कळलं नाही. पाचवीला तर जागायचीच रीत. सटवाई लेकराचं नशीब लिहायला येते म्हणतात. दिपा टक्क जागी राहिली. रुक्माबाईंनी शेजारणींना कौतुकाने सांगितलं, "लई गुणाची हाय माजी लेक. डोळ्याला डोळा लागू देला न्हाई." अगं बाई, तो गुण नव्हता! पण मला तोंड कुठलं?

सातव्या दिवशी सकाळी दिपा हळूच म्हणाली, "माय, बाजेखाली कोणी बोलून राहिलं."

"काय बोलून राहिलं?"

"म्हणतंय, हे लेकरू तुजं न्हाई. खाली दे."

माझ्या दोऱ्या गारठल्या. माझ्याखाली शेगडीशिवाय काही नव्हतं हो! दिपा बाळाला घेऊन काठाकडे सरकली. रुक्माबाईंनी झडप घालून लेकरू ओढून घेतलं. दिपा ओरडली नाही, रडली नाही. नुसती खाली वाकून ऐकत राहिली. 

"बाहेरचं हाय हे," दिपाचे वडील तातेराव म्हणाले. "भगताकडं न्यावं लागंल." ते जीप सांगायला निघणार, एवढ्यात गावची आशा कार्यकर्ती सरिता बाळाचं वजन करायला आली. तिने वजनकाटा बाजूला ठेवला आणि आधी आईकडे पाहिलं. "दिपा, झोप लागती का गं?"

सात दिवसांत हे पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

सगळं ऐकून सरिताने शेगडी उचलून अंगणात नेली. "मावशी, हिला एकटं सोडू नका. लेकरू तुमच्यापाशीच ठेवा. काका, जीप सांगा, पण हिंगोलीच्या दवाखान्याची. आत्ताच्या आत्ता."

"लोक येडी म्हणतील पोरीला," तातेराव पुटपुटले.

"म्हणू द्या. पोरगी तर राहील!"

सरिता आणि तातेराव दिपाला घेऊन गेले आणि लेकराजवळ थांबलेल्या रुक्माबाईंनी मला बाधलेली ठरवून गोठ्याच्या भिंतीला उभं केलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. महिन्याभराने दिपा औषधं घेऊन परतली. डॉक्टरांनी सांगितलेलं सरिताने घरच्यांना अंगणात बसून समजावलं. बाळंत झाल्यावर बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक एकदम उतरतं. एखादीच्या मेंदूत मग डोपामिन नावाचं रसायन कासरा सुटल्या बैलासारखं उधळत असावं. त्यात झोप नसली की नसलेले आवाज खरे वाटतात. हा आजार आहे, औषधाने बरा होतो, आणि यात तिचा काडीचाही दोष नाही. परतल्यावर दिपाने त्या दिवशी पहिल्यांदा मुलीला मांडीवर घेतलं आणि पोटभर रडली.

आता ती पुन्हा गरोदर आहे, माहेरी आली आहे. सातवा महिना. हे दुखणं उलटू शकतं, म्हणून डॉक्टरांनी बाळंतपणाआधीच भेटायला सांगितलं आहे. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळेच धास्तावलेत. काल दोघी मायलेकी गोठ्याजवळ ज्वारी निवडत होत्या.

"माय," दिपा म्हणाली, "या टायमाला मीच म्हणाले, मला काही झालं न्हाई, दवाखान्यात नेऊ नका, तर माजं ऐकशील?"

रुक्माबाईंचा हात सुपातच थांबला. "न्हाई ऐकणार," त्या म्हणाल्या. "तुजं एकबी ऐकणार न्हाई."

दिपाने सुटकेचा श्वास टाकला.

मित्रांनो, बाळ बघायला गेलात, की त्याच्या आईलाही विचारा, झोप लागते का? ती नाही म्हणाली, तर लगेच मोठ्या माणसांना सांगा. उद्यावर टाकू नका.