चार्जरची उजवीकडची सीट

मित्रांनो, कुसगावात आदिनाथरावांच्या बंगल्यामागे ताडपत्रीत बांधलेलं लांबलचक गाठोडं दिसतं ना, ते मी. मी एक जुनी डॉज चार्जर, अमेरिकेत जन्मलेली. आठ सिलिंडरचं इंजिन, लांब नाक आणि आवाज असा, की मी कुरवंड्याच्या चढाला लागले की वाडीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग गप्पच व्हायची.

मायदेशी परत निघालेल्या एका इंजिनिअरकडून आदिनाथरावांनी मला घेतलं. माणसं मला बघायला यायची, तेव्हा मीही त्यांना बघून घ्यायचे. बॉनेटवर हात फिरवणारा हमखास म्हणायचा, "आमच्या मामाकडे अश्शीच होती." मामाकडे स्कूटर असायची. पुढचा प्रश्न ठरलेला, "किती देते?"

"देत नाही, घेते," आदिनाथराव म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्यांदा स्वतःच हसायचे.

माझं स्टिअरिंग मात्र डावीकडे. पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाही. ते बघायचं काम उजवीकडे बसणाऱ्या राजेश्वरीबाईंचं. खिडकीतून मान काढून त्या नवऱ्याला सांगायच्या, "थांबा, टेम्पो येतोय. अहो, थांबा म्हणते ना! हं, चला, मोकळंय." तेवढं ऐकलं की मी झेप घ्यायचे. गाडी नक्की कोण चालवतं, हा प्रश्न घरात कुणी काढत नसे.

राजेश्वरीबाई आजारपणात गेल्या. त्यानंतर त्या सीटवर आदिनाथरावांनी कुणाला बसू दिलं नाही आणि किल्लीही फिरवली नाही. पावसाळ्याआधी त्यांनी शेजारच्या रखमाजींना बोलावलं. इकडे सरपण बांधतात तसं दोघांनी मला ताडपत्रीत गुंडाळलं आणि चाकांपर्यंत दोरी आवळली.

"थेंब जायचा न्हाई आत, भाऊ," रखमाजी म्हणाले.

"तिची सीट तेवढी भिजता कामा नये."

थेंब खरंच गेला नाही. पण जमिनीची ओल वर येत राहिली आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. वर्षामागून वर्षं गेली. आदिनाथराव पाहुण्यांना ताडपत्रीवरूनच माझं नाक दाखवत आणि कुरवंड्याच्या चढाची गोष्ट सांगत. गोष्ट इतकी रंगायची, की दोरी सोडा असं कुणी म्हणालंच नाही.

या दसऱ्याला त्यांची मुलगी माधवी आली. "बाबा, आज रस्ता मी सांगते. कुरवंड्यापर्यंत जाऊन येऊ."

आदिनाथरावांनी नवा शर्ट घातला. रखमाजींनी झेंडूचा हार आणला. दोरी सुटली आणि कुबट वासानं तिघंही मागे सरले. माधवीनं उजवीकडचं दार ओढलं, आत पाय ठेवला. पाय गालिच्यासकट थेट मातीला टेकला. माझा तळ कधीच सडून गेला होता.

"पत्रा नवा बसवता येतो, बाबा."

आदिनाथराव सीटवरची पांढरी बुरशी रुमालानं पुसू लागले, तर रुमालाबरोबर रेक्झिनच सोलून आलं. किल्ली त्यांनी खिशात टाकली.

"रखमाजी, बांधून टाका."

"भाऊ, वाईच वारं तरी लागू द्या की."

"बांधा म्हणतो ना."

मित्रांनो, गेलेल्या माणसाची आवडती वस्तू तुमच्या घरात असेल, तर ती वापरा. तिच्यावर बसा, तिला झिजवा, तिला ऊन दाखवा. झिजलेलं दुरुस्त करता येतं. माझ्यासाठी मात्र आता कुणी काही करणार नाही, हे मला कळलं आहे.

परवा एका पाहुण्यानं विचारलं, "एवढं काय बांधून ठेवलंय हो?"

मी आतून कान टवकारले. आता कुरवंड्याचा चढ येणार, राजेश्वरीबाई येणार.

"सरपण," आदिनाथराव म्हणाले.