चौघे बिनशेपटाचे

मित्रांनो, मी घाटंजीजवळच्या एका शाळेतला जुना तक्ता आहे. सत्तावन्न साली भीमराज गुरुजींनी मला मांजरपाटाच्या जाड कापडावर रंगवले. माझ्यावर चार कपी आहेत. आसामच्या झाडांवर लांब हातांनी झोके घेणारा गिबन. तांबड्या केसांचा, एकटा राहणारा ओरांगउटान. सर्वांत थोराड, पण पाला खाऊन जगणारा गोरिला. आणि ओठ पुढे काढून बसलेला चिंपांझी. गुरुजींनी यातला एकही डोळ्यांनी पाहिला नव्हता. वाचनालयाच्या पुस्तकातली चित्रे पाहून त्यांनी मला घडवले आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या हाताने नाव लिहिले.

पहिल्याच शनिवारी शाळा झाडणाऱ्या मथुराबाईंनी गोरिलाच्या कपाळाला शेंदूर लावला आणि हात जोडले. मुले हसली. गुरुजींनी आदल्या वर्षीच बुद्धधम्म स्वीकारला होता. ते रागावतील असे मला वाटले.

त्यांनी फक्त विचारले, "बाई, मारुतीले शेपूट असते ना?"

"असते ना गुरुजी. नाही तं लंका कशानं जाळली?"

"मंग याचं दाखवा."

मथुराबाईंनी मला उचलून मागूनही पाहिले. "याचं कोनं कापून नेलं वो?"

"कोनं नाही नेलं. या चौघाइले जन्मापासूनच नसते. म्हणून हे माकडं नाहीत, कपी आहेत."

तो धडा त्या वर्गातले कोणी विसरले नाही. पुढे दरवर्षी गुरुजी छडी बाजूला ठेवत, बोट माझ्यावरून हळू फिरवत आणि चारही नावे मुलांकडून म्हणवून घेत.

पासष्ट साली गुरुजी गेले. शाळेत छापील तक्ते आले. मला गुंडाळून कपाटामागे ठेवले. पलीकडून वर्गाचा आवाज येई. माझी नावे कोणी घेत नसे. तीन वर्षे मी त्या बोटाची वाट पाहिली. ओरांगउटानचा एक हात वाळवीने खाल्ला.

मग मला मोडीत काढायचे ठरले. ते कळून गुरुजींची मुलगी सत्यशीलाबाई आली. ती आता कळंबला शिक्षिका होती. तिने मला बाकावर उलगडले आणि वडिलांच्या अक्षरावरून बोट फिरवले.

"घरी न्या, बाई," मुख्याध्यापक पुंडलिकराव म्हणाले. "तुमच्या बाबाची आठवण राहीन."

"घरी नेला तर मी एकटीच पाहीन, सर. वर्गात एक खिळा द्या."

मित्रांनो, आता मी पुन्हा भिंतीवर आहे. हाताने लिहिलेले काही जुने दिसले, तर गुंडाळून टाकू नका. एकदा मोठ्याने वाचा. एखादा आवाज गुरुजींसारखा निघेल, म्हणून मी अजून कान देऊन असतो.